कापसाच्या गावात भांडवलशाहीबद्दलची मतं कुठून येतात?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

भांडवलशाही चांगली की वाईट यावर मराठीत वाद पुष्कळ होतात. त्यात हिरिरीनं बोलणारे बहुतेक एक तारखेला पगार घेणारे असतात. मला त्याच्या जरा अलीकडचं विचारायचं आहे. ज्याच्या घरात पैसा वर्षातून एकदाच येतो, आणि तो किती येईल हे न्यूयॉर्कचा वायदा (पुढच्या तारखेच्या भावाचे सौदे), दिल्लीचं आयात शुल्क आणि दिवाळीच्या तोंडचा पाऊस मिळून ठरवतात, त्या माणसाचं बाजाराबद्दलचं मत कसं बनतं?

मी घाटंजी तालुक्यातला कोरडवाहू कास्तकार. भाव कोण पाडते, व्यापारी लुटते की अडीनडीला तोच कामात येते, सरकारनं मधे पडावं की बाजूला व्हावं, हे आमच्या पारावर रोज चालतं. वर्षानुवर्षं ऐकून माझी एक खात्री झाली आहे : माणूस कोणत्या पक्षाचा किंवा किती शिकलेला यापेक्षा त्याचा माल किती दिवस घरात थांबू शकतो आणि तोटा झाला तर तो कोणाच्या अंगावर पडतो, यावर त्याचं मत जास्त ठरतं.

2021-22 चा हंगाम आठवा. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6025 होता आणि बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला, पुढे काही बाजारांत बारा हजारांच्याही वर. त्या दिवसांत आमच्याकडे सरकारी खरेदीचं नाव कोणी काढत नव्हतं. "सरकारनं फक्त आडवं येऊ नये" एवढंच मागणं. एप्रिल 2022 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं तेव्हा शिव्या पडल्या त्या सरकारला. बाजाराबद्दल कोणी ब्र काढला नाही.

पुढच्या हंगामात सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला, बारा हजार पुन्हा येणार म्हणून. आमच्या समोरच्या घरात दर्शनी खोली आढ्यापर्यंत भरलेली. दार अर्धंच उघडायचं, त्यातून आडवं होऊन आत जायचं. पोरं रात्री कापसावरच झोपत, सकाळी अंगावर लाल चट्टे उठलेले, आणि त्यांची आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन एकेकाची पाठ चोळत बसलेली. पाहुणा आला तर ओसरीवर. मार्च गेला, एप्रिल गेला, भाव खालीच येत राहिला. तळातला कापूस पिवळा पडायला लागला. मग मिरग जवळ आला, बियाण्याला पैसे पाहिजे, तेव्हा मिळेल त्या भावानं गाडी भरून दिली. त्या उन्हाळ्यात तीच माणसं म्हणत होती की सीसीआयनं (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळानं) दारात येऊन कापूस मोजून न्यावा.

शहरातला वाचक याला दुटप्पीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. दोन्ही वेळा माणूस एकच गोष्ट मागत होता : पिकवण्याची जोखीम मी घेतली आहे, भावाचीही सगळी माझ्याच डोक्यावर टाकू नका.

आता त्याच गल्लीतलं दुसरं घर पाहा. चौदा एकर, विहीर, ठिबक आणि थोरला मुलगा मास्तर. घर पगारावर चालतं, त्यामुळे कापूस कधी विकायचा हे ते ठरवतात. त्यांचं म्हणणं असं की बाजार मेहनतीला आणि अकलेला दाम देतो, रडणाऱ्यांनी शेती सोडावी. माणूस वाईट नाही, उलट फार कामाचा आहे. पण मुलाचा पगार बंद झाला तर हे मत किती हंगाम टिकेल याचा मी विचार करतो. त्यांच्या मागच्या घरी पाच एकर बरड, म्हणजे हलकी मुरमाड जमीन. बी, खत, फवारणी सगळं उधारीवर. ज्याच्याकडून उधारी तोच पोळ्याला रोख देतो आणि दसऱ्याला काटा घेऊन दारात येतो. खेडा खरेदीत भाव तो सांगतो, ओलावा तो हात घालून ठरवतो, कडता (वजनातली कपात) तो कापतो. बाजारात दहा गिऱ्हाइकं असतात म्हणतात, याच्या वाट्याला एकच आलं आहे. "खुल्या बाजारा"वर त्याचं मत काय असणार?

वयाचाही भाग आहे. माझ्या वडिलांची पिढी एकाधिकार खरेदीतली. 1972 पासून कापूस सरकारलाच घालायचा. चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली त्यांनी, तरी आजही म्हणतात, "उशिरा देत होते, पण कोनाच्या दारात उभं राहावं नाई लागलं." माझ्यानंतरचे, 2021 साली पहिल्यांदा कापूस विकलेले पोट्टे मोबाइलवर वायद्याचे आलेख पाहतात आणि सरकारचं नाव काढलं की चिडतात. दोघंही आपापल्या पहिल्या मोठ्या अनुभवाला धरून आहेत.

आपापल्या घरची परिस्थिती आणि मत, दोन्ही लिहा. नुसतं मत नको.

———

जुना बिल्लेवाला (हिंगणघाट)

चांगला धागा. परिस्थिती : अकरा एकर, आता मुलगा पाहतो. मत : बाजार मोकळा पाहिजे, पूर्ण मोकळा. आणि हे मत मला परिस्थितीनंच दिलं, म्हणून तुमच्या वडिलांच्या आठवणीला माझी आठवण जोडतो.

एकाधिकारात आपलाच कापूस आपण राज्याबाहेर नेऊन विकला तर गुन्हा होता. आदिलाबादकडे भाव जास्त असायचा आणि हद्दीवर नाके. रात्रीच्या बंड्या कशा जायच्या ते आमच्या वयाच्या कोणालाही विचारा. दामातून भांडवल निधीची 3 टक्के कपात व्हायची, आम्हाला विचारून नाही. प्रतवारीच्या टेबलावर एकाच गाडीतला कापूस कोणाचा वरच्या प्रतीत, कोणाचा खालच्या, हे ओळखीवर ठरायचं. याला तुम्ही शेतकऱ्याची सोय म्हणता?

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आम्हाला हिशोब करायला शिकवलं. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा ओरडताना आमच्या अंगावर काटा यायचा, कारण तोवर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की आमची गरिबी आळसामुळे नाही, भाव पाडल्यामुळे आहे. डिसेंबर 1986 मध्ये कापूस आंदोलनात हिंगोलीकडच्या सुरेगावला गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. गोळी सरकारची होती. पुढे जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत भारत सरकारनं स्वतःच जे आकडे दिले, त्यांतून निघालं की 1986 ते 1988 या काळात इथल्या शेतीला मिळणारी किमतीची मदत शून्याच्याही खाली, उणे होती. म्हणजे सरकार देत नव्हतं, काढून घेत होतं.

आजही तेच आहे. भाव वर गेला की आयात. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन चढलं तर 12 लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं शुल्क पुन्हा काढलं आणि मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे आपला माल यायच्या ऐन दिवसांत. बियाण्याचं तंत्रज्ञान मागितलं तर बंदी. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीरला आमच्या लोकांनी तणनाशक सहन करणारं बियाणं उघडपणे पेरलं ते उगाच नाही. लोक भांडवलशाहीला शिव्या देतात, मी म्हणतो, आम्हाला ती एकदा मिळू तर द्या.

———

निळी पहाट (मूळ वर्धा जिल्हा, सध्या बुटीबोरी)

वर दोन्ही प्रतिसाद जमीनवाल्यांचे आहेत. गावात जमीन नसलेलेही राहतात, म्हणून लिहितो.

माझे वडील सालदार होते, वर्षाच्या ठरावावर राबणारे गडी. गुढीपाडव्याला साल ठरायचं. मालक चांगला होता असं ते अजून म्हणतात, पण मालकाच्या ओसरीवर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आई कापूस वेचायची, अजूनही जाते. कापूस बारा हजार झाला त्या वर्षी तिचा वेचाईचा दर किलोमागे दोन रुपयांनी वाढला. भाव पडला तेव्हा मजुरी पाडायची भाषा सगळ्यात आधी झाली. त्यामुळे "शेतमालाला भाव" या घोषणेवर आमच्या घरात आनंद होत नाही. 2015 मध्ये तुरीची डाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली, तेव्हा आईनं वरणाचं पाणी वाढवलं. पुढच्याच हंगामात तूर इतकी झाली की 2017 ला खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. तेव्हा गावातले लोक रडत होते आणि आमच्या घरी बऱ्याच दिवसांनी घट्ट वरण शिजत होतं. दोन्ही खरं आहे.

मी बुटीबोरीला कंपनीत लागलो तेव्हा पहिल्यांदा मला आडनावासकट "मिस्टर" म्हणून हाक मारली गेली. वडिलांना सांगितलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत. माझ्यासाठी कंपनी म्हणजे वाड्यातून सुटका होती. बाबासाहेबांनी 1918 साली छोट्या शेतजमिनींवर लिहिताना म्हटलंच होतं की शेतीवर नको इतकी माणसं अडकली आहेत, त्यांना उद्योगात वाट मिळाली पाहिजे.

पण त्याच बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. कंपनी मला ब्राह्मणशाहीपासून थोडी सोडवते, पण आता भांडवलशाही दिसायला लागली आहे. मी ठेकेदाराकडून लागलेलो. शेजारच्या यंत्रावरचा पक्का कामगार तेच काम करतो, पगार माझ्या दुपटीहून जास्त. फंडाची कपात माझ्या पावतीवर दिसते, खात्यात कधी जमा होते, कधी होत नाही. बिल्लेवाले काका, तुम्हाला पूर्ण मोकळा बाजार पाहिजे. मजुराच्या बाजूनं तो मोकळा असेल का? मी गाव सोडून जाऊ शकलो म्हणून गावातली मजुरी थोडी वाढली. ज्याला सोडता येत नाही त्याचं काय?

———

बरडवाला

निळी पहाट भाऊ, तुमचं बोलणं लागलं मनाले. पन माह्या इकडूनबी पाहून घ्या. साडेचार एकर बरड. येचाईले किलोमागं दहा रुपये, वरून मजूर आनाचा आटो माह्या खर्चानं. क्विंटलमागं हजार रुपये येचाईतच गेले. सात हजारानं कापूस इकला त बी-खत-फवारनी काढून हातात काय राह्यते? मजुरी जास्त हाय असं मी म्हनत नाई. थे बाई दिवसभर उन्हात वाकून राह्यते, तिले भेटलेच पाह्यजे. पन माहा अन् तिचा हिशोब एकाच पोत्यातून निंगते, अन् पोतं तेवढंच हाय. भांडन आमचं लावून देऊन वरचे मोकळे.

आनखी एक. 2008 च्या कर्जमाफीत पाच एकराची अट होती. माह्या काकाले कोरडवाहू सात एकर, म्हनून त्याले पूरी माफी नाई. तिकडं बागायती तीन एकरवाल्याचं सारं माफ. तवापासून काका कोनालेच मानत नाई, ना सरकारले ना व्यापाऱ्याले.

———

निळी पहाट

भाऊ, तुमच्याशी माझं भांडण नाहीच. साडेचार एकरवाला स्वतःही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातो हे मला माहीत आहे. प्रश्न ते पोतं भरायचं कोण ठरवतं याचा आहे.

———

वर्धेकर, पुण्यात

मी संख्याशास्त्रात काम करतो. धागाकर्त्याच्या अनुभवाशी जुळणारे दोन अभ्यास सांगतो.

अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या बाहेर सोलानो नावाची वस्ती आहे. 1981 मध्ये सुमारे 1800 भूमिहीन कुटुंबांनी तिथली पडीक जमीन सरकारी समजून बळकावली. ती निघाली खासगी, वेगवेगळ्या मालकांची. 1984 मध्ये ती ताब्यात घेऊन राहणाऱ्यांच्या नावे करायचा कायदा झाला. काही मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले आणि प्रकरण वर्षानुवर्षं लटकलं. त्यामुळे एकाच वस्तीत, एकसारख्याच गरिबीत, शेजारी शेजारी राहणाऱ्यांपैकी काहींना निव्वळ योगायोगानं मालकी हक्क मिळाला, काहींना नाही. पुढे अर्थतज्ज्ञांनी त्यांना प्रश्न विचारले. ज्यांना हक्क मिळाला होता ते जास्त प्रमाणात म्हणत होते की माणूस एकट्याच्या बळावर पुढे जाऊ शकतो, सुखासाठी पैसा महत्त्वाचा आहे आणि इतरांवर विश्वास ठेवता येतो. शिक्षण, काम, वस्ती सगळं सारखं, एका कागदाचा फरक.

दुसरा अमेरिकेतला. 18 ते 25 या वयात ज्यांनी मोठी मंदी पाहिली, त्यांची मतं पुढे बऱ्याच वर्षांनीही वेगळी राहिली. यश मेहनतीपेक्षा नशिबावर असतं असं ते जास्त मानतात आणि सरकारनं गरिबांना जास्त द्यावं असं म्हणतात. पण त्याच लोकांचा सरकारी संस्थांवर विश्वासही कमी. म्हणजे मदत सरकारकडूनच पाहिजे आणि भरवसा सरकारचाच नाही. हे वाचताना मला सरळ आपला जिल्हा आठवला.

माझी परिस्थिती : वडिलांचं गावात किराणा दुकान होतं, उधारीची वही अजून घरात आहे. मत : बाजार मोकळा असावा, पण खाली जाळी पाहिजे. जाळी म्हणजे मला पीक विमा आणि रेशन म्हणायचं आहे.

———

मोहफूल (गडचिरोली)

कापूस आमच्याकडे नाही, पण कागदाच्या फरकाचं बोलता म्हणून लिहिते.

आमच्या लहानपणी तेंदूपानाचा हंगाम म्हणजे ठेकेदार सांगेल तो दर. सत्तर पानांचा पुडका, शंभर पुडक्यांचा हिशोब, आणि फळीवरचा (पानं मोजून घ्यायच्या जागेवरचा) मुन्शी त्यातले काही पुडके वाईट म्हणून बाजूला टाकायचा. ते टाकलेले पुडकेही संध्याकाळी गाडीत जायचे, हे आम्ही पोरी बघायचो. बांबू तर कागद कारखान्याच्या नावावर, आम्ही एक काठी आणली तर गुन्हा. मग वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. पुढे आमच्यासारख्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः घ्यायला सुरुवात केली.

आता बघा मतं कशी बदलली. आधी व्यापारी म्हटलं की आमचे म्हातारे थुंकायचे. आता ग्रामसभेत तेच म्हातारे विचारतात, यंदा किती व्यापारी येणार, बोली कुठून सुरू करायची, आगाऊ किती घ्यायचं. करारनाम्यातली एकेक ओळ दोनदा वाचून घेतात. बाजार तोच, विडी कंपन्याही त्याच. विकणारा एकटा होता तो गाव झाला. एका वर्षी ठेकेदारानं आमचा शेवटचा हप्ता बुडवला. त्या वर्षी शिव्या झाल्या, पण लिलाव बंद करा असं कोणी म्हटलं नाही. पुढच्या वेळी आगाऊ रक्कम वाढवून घेतली.

बिल्लेवाले काकांचा मोकळा बाजार आणि निळी पहाट दादांची भीती, दोन्ही मला समजतात. आमच्या जंगलाची मालकी आजही सरकारकडेच आहे, आमच्याकडे हक्क आहे. जंगल तोडून विकता येत नाही. आणि ते मला बरोबर वाटतं.

———

शनिवारचा हप्ता

परिस्थिती : जमीन सासऱ्यांच्या नावावर, बचत गटाची मी सचिव. मत लिहायला मला कोणी पहिल्यांदाच विचारत आहे.

आधी गट होता तेव्हा महिन्याला शंभर रुपये, आमचंच कर्ज आम्हीच फिरवत होतो. मग एक खासगी कंपनी आली. तिचं नाव लिहीत नाही, अशा अजून आहेत. ना सातबारा ना जामीनदार, दहा बायांनी एकमेकींची हमी घ्यायची. बँकेनं मला कधी आत बसवलं नव्हतं, यांनी घरी येऊन पैसे दिले. मी शिलाई मशीन घेतलं, दोघींनी शेळ्या घेतल्या. तेव्हा आम्ही म्हणत होतो, असा धंदा करणारे लोक देवमाणूस आहेत. पण कर्ज घरच्या नावानं निघालं आणि गेलं सोयाबीनच्या खताला. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं. 2024 ला हमीभाव 4892, बाजारात चार हजार मिळायची मारामार. हप्ता मात्र दर शनिवारी, पाऊस असो की मयत. एकीचा चुकला की बाकी नऊ जणी तिच्या दारात. ज्या बाया एकत्र बसून हळदीकुंकू करत होत्या त्या एकमेकींना टाळायला लागल्या. एकीनं कापूस निघायच्या आधीच डोरलं मोडलं.

मी त्यांना लुटारू म्हणत नाही, करारात सगळं लिहिलेलं होतं. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्याचं पीक सहा महिन्यांनी येते त्याला आठवड्याचा हप्ता कोणत्या शहाण्यानं लावला? पैसा येण्याची वेळ आणि पैसा मागण्याची वेळ जुळत नसेल तर चांगली योजनाही गळ्यात येते.

———

सरकी

मी जिनिंगवाला. कृषी केंद्रही घरचंच आहे, म्हणजे वर ज्याला शिव्या बसल्या तो मीच.

एक क्विंटल कापसातून तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. 170 किलोची एक गाठ. रुईचा भाव मी ठरवत नाही, सूतगिरणी ठरवते, तिला सुताचं गिऱ्हाईक ठरवते. कापूस मला रोखीनं घ्यावा लागतो, पैसा बँकेच्या कॅश क्रेडिटचा, व्याज रोजचं. जिन वर्षातले चार-पाच महिने चालते, विजेचा स्थिर आकार बारा महिने. 2022-23 मध्ये तुम्ही कापूस घरात ठेवला तेव्हा माझं जिन आठवड्यातून दोन दिवस चालत होतं, बिहारचे मजूर बसून होते. उधारीचं म्हणाल तर दुष्काळाच्या वर्षी निम्मी बुडते. ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याला मी बी देतो. त्याची जोखीम मी भावात कापतो, हे मान्य आहे. कोणीही कापेल.

माझं मत : पूर्ण मोकळा बाजार मलाही परवडणार नाही. सीसीआय बाजारात उतरली की माझा माल कमी होतो, तरी ती असावी, कारण कास्तकार बसला तर मी कोणाला बी विकणार? विदर्भातला कापूस बाहेर जाऊन सूत होतो, कापड होतो, आपल्याकडे फक्त सरकी वेगळी करायचं काम. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली आणि 2002 ला बंद पडली. मधल्या सव्वाशे वर्षांत तिच्यासारखं दुसरं काही इथं टिकलं असतं तर या धाग्यातली निम्मी मतं वेगळी असती. अमरावतीच्या वस्त्रोद्योग पार्कची वाट मी मनापासून पाहतो आहे.

———

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार. इतकं मोकळेपणानं लिहाल असं वाटलं नव्हतं. सरकी, तुमचा प्रतिसाद गावातल्या चौघांना वाचून दाखवला.

बिल्लेवाले काका, एका गोष्टीवर तुमच्याशी वाद घालतो. 1986 च्या आंदोलनात मागणी कापसाला सरकारनं जास्त भाव द्यावा हीच होती ना? मोकळ्या बाजाराचं तत्त्व पुढे घट्ट झालं. त्याच काळात आपल्या भागानं काय केलं ते पाहा. 1989 मध्ये अमरावतीनं कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख लोकसभेत पाठवले. 1991 मध्ये वर्ध्यानं मार्क्सवादी रामचंद्र घंगारे निवडून दिले. आणि मधे 1990 ला राजुऱ्यानं शेतकरी संघटनेचे वामनराव चटप विधानसभेत पाठवले. लाल झेंडा आणि शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला, दोघांनाही मतं देणारा कापूसवालाच. त्याला पुस्तकातली डावी-उजवी बाजू दिसत नव्हती. आपल्या पडलेल्या भावाबद्दल जो पोटतिडकीनं बोलेल तो त्याचा.

मोहफूल ताई आणि वर्धेकर, कागदाचा मुद्दा आमच्या गावातही आहे. गायरानावर तीस-तीस वर्षं वाहणारी घरं आहेत, सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, म्हणून सावकार. त्यांच्याशी बाजार स्वातंत्र्यावर बोलायला मला जीभ उचलत नाही.

आता कामाचं. माल थांबवण्याची ताकद हाच मुद्दा असेल तर सोयाबीन, तूर, हरभऱ्याला पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत आहे. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 6 महिने मुदत. आमच्या गावातल्या ज्यांनी दोन वर्षं सोयाबीन तारण ठेवलं, त्यांच्या बोलण्यात फरक पडला आहे. "व्यापारी लुटते" ऐवजी "फेब्रुवारीपर्यंत पाहू" असं म्हणतात. कापसासाठी 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला 8110 चा हमीभाव होता. सीसीआयची नोंदणी कपास किसान ॲपवर, ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर घेत नाहीत. कापूस वाळवूनच न्या, परत आणायचं भाडं अंगावर येतं.

———

जुना बिल्लेवाला

1986 च्या मागणीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण सरकारनं दुसरा कोणी गिऱ्हाईकच ठेवला नव्हता, तर भाव त्याच्याकडे मागायचा नाही तर कोणाकडे? नाके उठवा हीही मागणी तेव्हापासूनची. तारण योजनेला माझा पाठिंबा आहे. शेतकऱ्याला थांबता आलं तर त्याला हमीभावाची गरज कमी पडेल.

निळी पहाट, तुमच्या फंडाच्या पावत्या घेऊन भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात तक्रार करा. कपात दाखवून पैसे न भरणं हा गुन्हा आहे, त्यात मोकळ्या बाजाराचा संबंध नाही. नागपूरला येणार असाल तर मी सोबत येतो.

———

निळी पहाट

येतो काका, पुढच्या सोमवारी सुटी आहे.

तारण योजना आणि सीसीआय, दोन्हींबद्दल एक राहिलं. दोन्हीकडे सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते. आमच्या गावात निम्म्याहून जास्त वावरं आता मक्त्यानं (ठरलेली रक्कम देऊन) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) वाहिली जातात. मालक नागपूरला, वाहणारा गावात, कागद तोंडी. माझा चुलतभाऊ सहा एकर मक्त्यानं करतो. मक्ता पाडव्याला रोख दिला, गारपीट झाली तर मदत मालकाच्या खात्यात, हमीभावानं विकायचा तर पैसेही मालकाच्या खात्यात, आणि मालक म्हणतो नोंदी करायच्या नाहीत, उद्या कुळाचा दावा लावशील. म्हणून त्यानं यंदाचा कापूसही खेडा खरेदीतच दिला. सरकी भाऊ, तुमच्याकडे असे किती येतात, आणि त्यांच्या नावानं साधी काट्याची पावती तरी तुम्ही देऊ शकता का?